पेटीच्या आंत

घरांत संगणक घ्यावयाचा ठरला कीं पहिला प्रश्न नांवाचा निघतो: डेल, एचपी कीं लेनोव्हो? सोनें घेतांना पेढीच्या नांवाबरोबर आपण कसही पाहतों. येथें मात्र नांवावरच भागवितों.

वस्तुतः एकाच कंपनीच्या दोन यंत्रांत मोठें अंतर असूं शकतें. कचेऱ्यांसाठीं घडविलेल्या एलिटडेस्क किंवा थिंकसेंटर मालिकांतील पुष्कळ यंत्रांचें झांकण हत्यारावांचून निघतें. स्वस्त घरगुती यंत्रांत ही सोय बहुधा नसते. शिवाय मोठें नांव म्हणजे अभय नव्हे. २००३ ते २००५ च्या दरम्यान विकलेल्या कित्येक ऑप्टिप्लेक्स संगणकांतील कपॅसिटर सदोष निघाले, आणि डेलला २००५ सालीं त्यापायीं सुमारें ३० कोटी डॉलर बाजूस काढावे लागले.

आमच्याकडील एका नामांकित कंपनीचें यंत्र सातव्या वर्षीं बंद पडलें, तेंही मुलीची परीक्षा आठवड्यावर आली असतां. दोष केवळ पॉवर सप्लायचा; परंतु त्याचा घाट त्या कंपनीपुरताच असल्यानें तो बाजारांत मिळेना. इंटेलनें १९९५ सालीं आखून दिलेल्या एटीएक्स मापाचा तो असता, तर कोणत्याही कंपनीचा आणून तासाभरांत बसवितां आला असता.

यंत्र केव्हां ना केव्हां बिघडणारच. बिघडल्यावर तें किती सहज दुरुस्त होतें, यावरून मी त्याची मजबुती जोखतों. खरेदीपूर्वीं कंपनीची दुरुस्ति-पुस्तिका चाळावी, आणि दुकानदारास निःसंकोच म्हणावें, “जरा झांकण उघडून दाखवा.”