पेठेतून पिंपरीला
गुडघेदुखीमुळे नारायण पेठेतील माझ्या एका वृद्ध रुग्णाने पिंपरीच्या बहिणीकडे जाणे सोडले होते. गुडघ्यांहून त्यांना हा दुरावा अधिक सलत होता. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत धावू लागली आणि मंडईचे भुयारी स्थानक पेठकरांच्या आवाक्यात आले. आपणही असेच घरात अडकला असाल, तर मंडईपर्यंत रिक्षाने जावे. तेथून पिंपरीपर्यंत गाडी बदलावी लागत नाही. स्थानकात जिना टाळून लिफ्टने उतरावे. आसनावरून खांब धरून सावकाश उठावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यास भोवळ येऊ शकते. पहिल्या फेरीस कुणी सोबत असावे. आमच्या आजोबांनी पुढची भाऊबीज बहिणीच्या घरीच साजरी केली.