पिंजऱ्यातली सोबत

देवगाव रंगारीतील माझ्या दवाखान्यात पूर्वी एक आजी येत असत. आजोबा गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. मी त्यांच्या मुलाला सहज म्हणालो, “घरात काहीतरी बोलतं-चालतं असू द्या.” त्याने आठवड्याभरात पोपटाचे पिल्लू आणले. राघूच्या निमित्ताने आजी दोन घास अधिक जेवू लागल्या. सल्ला लागू पडल्याचे मला समाधान वाटले.

काही महिन्यांनी आजींना ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला सुरू झाला. नेहमीच्या औषधांनी उतार पडेना. पिंजरा रोज आजीच झाडतात, हे मी पाचव्या दिवशी विचारले. औषध बदलले, ताप उतरला.

पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीतून ‘सिटॅकोसिस’ हा जंतुसंसर्ग माणसाला होऊ शकतो. तो क्वचितच आढळतो. परंतु वृद्धांमध्ये न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. वेळीच ओळखल्यास योग्य प्रतिजैविकांनी बरा होतो. म्हणून घरात पक्षी असल्यास ताप-खोकल्याच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता राघूची बाजू. त्याच्या खांद्यावर तांबडा डाग होता; म्हणजे तो पहाडी पोपट. साध्या पोपटाहून मोठा, जुन्या वृक्षांच्या ढोलीत घरटे करणारा. ढोलीतून पिल्ले काढून विकली जातात, जुनी झाडेही तुटतात. म्हणूनच जागतिक यादीत तो ‘संकटसमीप’ ठरला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडील कोणताही रानपोपट पाळणे गुन्हा आहे. हे मला तेव्हा ठाऊक असायला हवे होते.

आपल्या घरी असा पोपट असेल तर त्याला स्वतः उडवून देऊ नका. माणसाळलेला पक्षी रानात तगत नाही. वनविभागाला कळवा. तोवर पिंजरा कोरडा झाडू नका. नाकातोंडाला मास्क लावून, तळ ओला करून पुसा आणि हात साबणाने धुवा. हे काम वृद्धांकडे सोपवू नका.

राघूला वनविभागाकडे सोपवताना आजी रडल्या. त्या दिवशी मी मुलाला खरा सल्ला दिला, जो आधीच द्यायला हवा होता: रोज संध्याकाळी अर्धा तास आईजवळ बसा. तो बसू लागला. अंगणात पाण्याचे पसरट भांडेही ठेवले. आता मायलेक चहा घेताना तिथे येणाऱ्या चिमण्या-साळुंक्या पाहतात. आजींची झोप सुधारली आहे.