अण्णांचं डिसेंबरचं काम

मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "तू नक्की काय करतोस रे?" असं विचारलं की मी बरीच वर्षं "आयटीत आहे" म्हणून मोकळा होत असे. हैदराबादेत तेवढं पुरतं. खरं सांगायचं तर मी रात्रीची कामं लावून देतो.

विमा कंपनीचं अर्धं काम रात्री होतं. दिवसभरात आलेले हप्ते खात्यावर टाकायचे, पावत्या काढायच्या, एजंटांचं कमिशन मोजायचं, हप्ता भरायची आठवण करून देणारे मेसेज पाठवायचे. यातल्या प्रत्येक कामाला आम्ही 'जॉब' म्हणतो. हप्ते खात्यावर पडल्याशिवाय पावती निघता कामा नये, म्हणजे कुणाच्या मागून कोण हेही ठरलेलं. हे सगळं सांभाळायला वेगळं सॉफ्टवेअर असतं. आमच्याकडे ऑटोसिस आहे.

हे काम माझ्याकडे आलं ते अण्णांकडून. ते तेलुगू, आणि वयाने मोठे म्हणून सगळ्या फ्लोअरचेच अण्णा. हजाराच्या वर जॉब त्यांना तोंडपाठ होते. ते नोकरी सोडून विजयवाड्याला निघाले तेव्हा मॅनेजरने मला सांगितलं, "सगळं डॉक्युमेंट करून घे." मला हे काम सोपं वाटलं. ऑटोसिसमध्ये ऑटोरेप नावाची कमांड आहे. तिला योग्य ते सांगितलं की प्रत्येक जॉबची व्याख्या ती ओळीने ओतते: नाव, कुठल्या मशीनवर, किती वाजता, कोण यशस्वी झाल्यावर. मी ते एक्सेलमध्ये घेतलं, रंग दिले, प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग केलं. चांगला जाड ग्रंथ झाला. अण्णांनी चाळला, "बढ़िया है" म्हणाले, आणि जेवायला गेले. मीही खूश होतो.

पुढच्या जानेवारीत नऊ तारखेला क्लायंटकडून फोन आला. या महिन्याचे आठवणीचे मेसेज कुणालाच गेलेले नाहीत.

माझा विश्वास बसेना, कारण रात्री एकही अलार्म आला नव्हता. जॉब फेल झाला की मध्यरात्री फोन वाजतो, त्याची मला सवय होती. पण हा जॉब फेल झालाच नव्हता. तो सुरूच झाला नव्हता. जो जॉब सुरूच होत नाही, त्याच्यासाठी कुणाचाही फोन वाजत नाही.

ग्रंथ उघडला. त्या जॉबचं पान बिनचूक होतं. वेळेची ओळ होती, आणि खाली 'रन कॅलेंडर' म्हणून एका कॅलेंडरचं नाव. हा जॉब महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी चालतो. तो दिवस कधी एक तारखेला, कधी तीनला, सुट्ट्यांवर अवलंबून. म्हणून त्या तारखा वेगळ्या कॅलेंडरमध्ये आधीच भरून ठेवायच्या असतात. ऑटोरेपच्या छापात त्या कॅलेंडरचं फक्त नाव येतं, आतल्या तारखा येत नाहीत. त्यासाठी दुसरी कमांड आहे, ती मी चालवलीच नव्हती. आता चालवली. शेवटची तारीख डिसेंबरातली होती. त्यापुढे काहीच नाही.

अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, वो तो मैं हर डिसेंबर में डालता था. बोला नै तेरे को?" नव्हतं सांगितलं. मीही विचारलं नव्हतं.

मेसेज त्याच संध्याकाळी पाठवले. पण मासिक हप्त्याला सवलतीची मुदत पंधरा दिवसांची असते, आणि त्यातले नऊ गेले होते. माझे वडील गेले तेव्हा त्यांची पॉलिसी चालू होती म्हणून आमचं निभावलं. हप्त्याची तारीख ते कधी विसरायचे नाहीत, पण सगळेच तसे नसतात. मेसेज आला की भरणारी माणसं असतात. त्या महिन्यात किती जणांची पॉलिसी बंद पडली हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मीटिंगमध्ये माझ्यावर कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आलो तर आई नवं कालनिर्णय मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी जुनं. गॅसचा नंबर कधी लावला, बाईंना किती उचल दिली, असलं सगळं ती जुन्यावरून नव्यावर उतरवत होती. तिथ्यांना तिला वेळ लागतो, कारण तिथी तारखेला बांधलेली नसते. आजोबांची पौष वद्य पंचमी दर वर्षी नव्याने शोधावी लागते. मी हे लहानपणापासून पाहतोय. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "आई, तू नसशील तेव्हा हे कोण करणार?"

"तू. नाहीतर कोण?" ती मान वर न करता म्हणाली.

मग शेजारी बसून सगळं लिहून घेतलं. तिथी, कुणाची, आणि त्या दिवशी घरात काय करतात तेही. एका खुणेपाशी ती अडली. आषाढातल्या एका दशमीला नुसतं 'दिवा' लिहिलेलं आहे. आजीच्या हातचं होतं, म्हणून ती दर वर्षी उतरवते आणि संध्याकाळी एक जास्तीचा दिवा लावते. कशासाठी, ते आजीलाच ठाऊक होतं.

ऑफिसचा ग्रंथ मी पुन्हा केला. आता पहिल्या पानावर जॉब नाहीत. छापात काय येत नाही ते आहे: कॅलेंडरं, ती कोण आणि कधी भरतो, आणि एखादा जॉब चालला नाही तर बाहेर कुणाचं काय अडतं. हा शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त दिवस लागले, कारण त्यासाठी माणसांना जाऊन विचारावं लागलं. शिवाय एक छोटा जॉब लावलाय. कुठलंही कॅलेंडर संपायला पंचेचाळीस दिवस उरले की तो टीमला मेल टाकतो, आणि रोज सकाळी 'मी चाललो' असाही एक मेल करतो, म्हणजे तोच गप्प बसला तर कळावं.

तीन जॉबच्या शेवटच्या रकान्यात अजून काही लिहिता आलेलं नाही. त्यातल्या एकाबद्दल अण्णांनाही विचारलं. "मेरे से पहले का है," म्हणाले, "चलने दे."

तो रोज पहाटे चार वाजता चालतो.