दूध नासले, ते कोणामुळे?

वाचकहो, तुमच्या घरी दुधाची किटली कोण धुते? बहुतेक घरांत याचे उत्तर एकच येईल, सूनबाई. धार काढणारा कोणी का असेना, डेअरीवर दूध घालून पैसे आणणारा कोणी का असेना, रिकामी किटली परत आली की ती सुनेच्या पुढ्यात येते. आणि दूध नासले, की बोलही तिलाच. आमच्याही घरी हेच झाले. म्हणून आज तुमच्याशी दोन गोष्टी मोकळेपणाने बोलणार आहे. त्यात चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते.

२०१९ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे तेव्हा दोन म्हशी आणि एक गाय दुभती होती. सकाळ-संध्याकाळचे दूध स्टीलच्या किटल्यांतून संकलन केंद्रावर जायचे. चैत्र संपता संपता एके सकाळी माझा मुलगा भरलेली किटली तशीच परत घेऊन आला. केंद्रावर नमुना उकळून पाहिला, तो फाटला. उन्हाळा आहे, होते एखादे दिवशी, असे म्हणून आम्ही गप्प बसलो. चार दिवसांनी पुन्हा तेच. आठवडाभरात तिसऱ्यांदा दूध परत आले, तेव्हा माझा तोल सुटला.

"किटली नीट धूत जा म्हणून किती वेळा सांगायचं?" मी सूनबाईला म्हणाले. शेजारची दोघीजणी अंगणात बसलेल्या होत्या, त्यांच्यादेखत म्हणाले. ती बिचारी काही बोलली नाही. पदराला हात पुसून आत गेली.

मी तेवढ्यावर थांबले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः मोरीवर उभी राहू लागले. किटली आली रे आली की चुलीवरचे उकळते पाणी तिच्यात ओतायला लावायचे. वरून धुण्याचा सोडा, मग घासणी, मग पुन्हा बोअरचे कढत पाणी. उकळत्या पाण्यापुढे घाण टिकेल कशी, असा माझा हिशेब. आणि काय सांगू, दूध पूर्वीपेक्षा जास्त वेळा नासू लागले!

एका दुपारी लोणच्याची लिंबे चिरायला बसले होते. सूनबाईने किटली उन्हात आडवी करून ठेवली होती. ती म्हणाली, "आत्याबाई, ओली असताना काही कळत नाही. आता वाळलीय, जरा आत बघा."

मी पाहिले. बाहेरून आरशासारखी चकचकीत किटली, पण आत, गळ्याच्या वाकणापासून खाली, पिवळट पांढरा पापुद्रा बसलेला. नखाने खरवडला तर खडूसारखी भुकटी निघाली. तिने चिरलेल्या लिंबाची फोड त्यावर दाबून धरली. बारीक बारीक बुडबुडे आले, आणि फोड उचलली तेव्हा त्या जागी खालचे स्टील लख्ख दिसत होते. सोड्याने, घासणीने आणि माझ्या उकळत्या पाण्याने जे महिनाभरात निघाले नव्हते, ते एका फोडीने निघाले.

पुढे केंद्रावर आलेल्या पर्यवेक्षकाला तिने तो थर दाखवून सगळे विचारून घेतले. त्याने सांगितले ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

एक लिटर दुधात एक ग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. म्हशीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा जास्तच. दुधाने माखलेल्या भांड्यात एकदम उकळते पाणी ओतले, की दुधातली प्रथिने तिथेच गोठून भिंतीला चिकटतात, जसे अंडे तव्याला चिकटते तसे. त्यात दुधाचे क्षार बसतात. वर पाणी बोअरचे, म्हणजे जड. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस धरत नाही, ते जड पाणी. ते तापले की त्यातला चुना वेगळा होऊन भांड्याला बसतो. धुण्याचा सोडा टाकल्यावर तर तो आणखीच खाली बसतो. असे रोज एकावर एक पदर चढत जातात आणि त्याचा खर तयार होतो. इंग्रजीत त्याला मिल्क स्टोन म्हणतात, म्हणजे दुधाचा दगडच म्हणा ना.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असे म्हटले आहे. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमच्या बोअरचे पाणी तपासून घेतले, तेव्हा ते सहाशेच्या जवळ निघाले.

हा खर नुसता दिसायला वाईट असता तर हरकत नव्हती. पण तो खडबडीत असतो. त्याच्या भेगांत दुधाचा ओलावा राहतो आणि जंतू तिथे घर करतात. वरून किती धुवा, ते आत सुखरूप. धारोष्ण दूध ओतले की त्यांची दिवाळी. उन्हाळ्याच्या उबेत त्यांची संख्या झपाट्याने दुप्पट, चौपट होत जाते आणि केंद्रावर पोचेपर्यंत दूध फाटायला येते. म्हणजे दूध नासत होते ते सुनेच्या आळसाने नव्हे, सासूच्या उकळत्या पाण्याने! नाचता येईना अंगण वाकडे, तशातली माझी गत झाली.

आता यापुढची हकीगत ऐका, कारण तीत जीवावरचा प्रसंग आहे. आंबटाने खर निघतो हे कळल्यावर माझ्या मुलाला घाई झाली. लिंबे कोण पिळत बसणार, म्हणून त्याने बाजारातून संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली आणली. एका किटलीत आधीच ब्लिचिंग पावडरचे पाणी भिजत होते. ते न ओतताच त्याने वरून ॲसिड टाकले. क्षणात असा उग्र वास उठला की डोळ्यांची आग झाली, छातीत कळ आली आणि तो खोकत खोकत मोरीबाहेर पळाला. तो क्लोरिन वायू होता. बंद मोरीत एखादा माणूस अडकला तर त्याच्या जीवावर बेततो. देवाच्या दयेने दार उघडे होते. रात्रभर कोणी त्या मोरीकडे फिरकले नाही. सकाळी पाहिले तर किटलीच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढी काळी भोके पडू लागली होती. ती किटली दुधाच्या कामातून गेली. आज तिच्यात आम्ही मुगाचे बी ठेवतो.

स्टीलला भोके कशी पडली, याचे मला नवल वाटले होते. कारण स्टेनलेस स्टील म्हणजे काही होत नाही, अशीच आपली समजूत. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड गावी हॅरी ब्रिअर्ली याने लोखंडात क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद केले. त्यात क्रोमियम निदान साडेदहा टक्के तरी लागते. चांगल्या भांड्यांत अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते. या क्रोमियमची हवेशी गाठ पडली, की भांड्यावर डोळ्यांना न दिसणारी पातळ साय धरते. तीच लोखंडाला राखते. संडास धुण्याच्या ॲसिडमधले क्लोराइड नेमकी ही साय फोडते. लिंबाचे आम्ल मात्र तिला धक्का लावत नाही. पूर्वी आपल्या पितळी चरव्यांना कल्हईवाला कल्हई करून द्यायचा; स्टील आपली कल्हई आपणच करून घेते. ती आपण मोडू नये, एवढेच.

आता आमच्याकडे किटली कशी धुतात ते सांगते.

किटली रिकामी होताच, दूध वाळायच्या आत, आधी साध्या किंवा कोमट पाण्याने विसळायची. उकळते पाणी या वेळी मुळीच नको. मग हाताला सोसवेल एवढ्या गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून ब्रशने धुवायची, म्हणजे लोणकटपणा जातो. मग स्वच्छ पाण्याने खळखळून घ्यायची. एवढे रोज.

आठवड्यातून एकदा, रोजचे धुणे झाल्यावर, आंबटाची पाळी. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळते, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्याला २० ग्रॅम या मानाने घ्यावे. ४० लिटरच्या किटलीला पाच लिटर पाणी आणि १०० ग्रॅम लिंबूसत्त्व पुरते. झाकण घट्ट लावून किटली आडवी करावी आणि वीस मिनिटे अधूनमधून लोळवत राहावी. मग काथ्याने किंवा नायलॉनच्या ब्रशने गळ्याचा वाक घासावा. थर जुना असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे, जोर करून खरवडू नये. झाकणातली रबरी चकती काढून तीही त्याच पाण्यात टाकावी; सगळ्यात जास्त घाण तिच्याच खाली असते. शेवटी भरपूर पाण्याने धुऊन किटली फळीवर उपडी घालावी, तोंडाखालून वारा जाईल अशी. उन्हात खडखडीत वाळू द्यावी.

सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र करू नका. ते एकमेकांना मारतात, काम कोणाचेच होत नाही. ब्लिचिंग पावडरीजवळ तर कोणतेच आम्ल नेऊ नका. लोखंडी तारेची घासणी वापरू नका. तिचे कण रुतून बसतात आणि तिथेच तांबेरा धरतो. ताकाचे आंबवणही किटलीला लावू नका. ताक आंबट खरे, पण ज्या जंतूंनी दूध नासते त्यांचेच ते घर. आणि किटली ॲल्युमिनियमची असेल, तर धुण्याचा सोडा तिला खाऊन टाकतो, तिला साधा भांडी धुण्याचा साबणच बरा.

असे करू लागल्यापासून आमचे दूध परत आले नाही असे नाही. एकदा वीज गेली, गाडी उशिरा आली, तेव्हा आले. पण किटलीमुळे पुन्हा आले नाही.

राहिली एक गोष्ट. मी सूनबाईला बोलले होते ते शेजारणींच्या देखत. म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच दोघीजणी आल्या, तेव्हा मी त्यांच्यासमोर सांगितले, की त्या उन्हाळ्यात किटलीची चूक माझी होती आणि ती शोधून काढली ती हिने. सूनबाई तिळगूळ वाटत होती. ती एवढेच म्हणाली, "आत्याबाई, लिंबूसत्त्व संपलंय, बाजारला गेलात तर आणा."

मी आणले. अर्धा किलो आणले. तुमच्याही घरी दूध नासू लागले, तर कोणाला काही बोलायच्या आधी एवढे करा. किटली उन्हात वाळवा आणि आत नख फिरवून पाहा.