व्याज आणि मुद्दल

सांधे दुखू लागले की आपल्याकडे एक ठरलेले वाक्य ऐकू येते, ‘वय झाले, हाडे झिजली.’ अकोल्याच्या आमच्या थोरल्या काकूंबाबतही तेच झाले. सकाळी दोन्ही हातांची बोटे तास-दीड तास आखडून राहत. मूठ मिटत नसे. वय अवघे ४६. लेप, शेक आणि तेलात दीड वर्ष गेले. अखेर अमरावतीच्या तज्ज्ञांनी रक्त तपासून सांगितले, ही वयाची झीज नव्हे, हा आमवात आहे.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. त्यातील कोलॅजेन तंतूंच्या चिवट जाळीत ‘अ‍ॅग्रिकन’ हे प्रथिन पाणी धरून ठेवते. त्यामुळे कूर्चा दाब सोसते. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्याच्या अस्तरावर उलटते. सुजलेल्या अस्तरातून सुटणारी रसायने पेशींना विकरे सोडावयास लावतात. ही विकरे आधी अ‍ॅग्रिकन तोडतात, मग कोलॅजेन. आपल्या पेढीच्या भाषेत सांगायचे तर अ‍ॅग्रिकन म्हणजे व्याज. ते काही अंशी भरून निघते. कोलॅजेन म्हणजे मुद्दल. ते गेले की परत येत नाही. म्हणूनच या आजारात महिन्यांचा हिशेब मोठा.

हा आजार फार विरळाही नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी पाहणी सुरू केली. तीत साधारण २०० प्रौढांमागे एकास आमवात आढळला. स्त्रियांत तो पुरुषांहून अधिक दिसतो.

काकूंना मेथोट्रेक्सेट सुरू झाले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. म्हणून चुलतभावाने तिची वेगळी वही घातली आहे. दर रविवारी गोळीची नोंद होते, रक्ततपासणीच्या तारखाही तीतच असतात. काकू चौविहार पाळतात, म्हणून गोळी दुपारच्या जेवणानंतर. पर्युषणातील उपवासांपूर्वी त्या डॉक्टरांना विचारतात. औषध परस्पर थांबवीत नाहीत.

उजव्या हाताची दोन बोटे वाकली ती वाकलीच. बाकीची वाचली, काकू आज पुन्हा पोळ्या लाटतात. आपल्या घरी कोणाचे सांधे सुजत असतील आणि सकाळची आखड तासभर टिकत असेल, तर वयाला बोल लावण्याआधी संधिवाततज्ज्ञांना दाखवावे, एवढीच विनंती.