थोरलीचे दात

शेतकऱ्याला माती तपासा, माती तपासा असे सांगत माझ्या नोकरीची सत्तावीस वर्षे गेली. रोवणीच्या अगोदर गावोगाव हिंडून मातीच्या पिशव्या भरल्या. पाण्याची बाटली मात्र एकदाही भरली नाही.

सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रापासून थोड्या अंतरावर आमचे गाव. 2001 च्या उन्हाळ्यात घरची विहीर आटली, तेव्हा बोअर मारण्याचा आग्रह माझाच. पाणी थंडगार आणि काचेसारखे नितळ! थोरली तेव्हा दोन वर्षांची होती. सातव्या वर्षी तिचे पुढचे दात आले ते खडूसारखे पांढरे ठिपके घेऊनच. पुढे तेच ठिपके तपकिरी झाले. "नीट घासत नाहीस," म्हणून मी तिच्यावर किती ओरडलो! ते आठवले की आजही घास उतरत नाही. पोरगी हसताना तोंडावर हात धरू लागली. पाहुणे पाहायला आले, तर एकाने बाहेर विचारलेही, "मुलगी खर्रा खाते काय?"

2023 साली तिला नागपुरात दातांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "पाणी कशाचे पिता?" खोल खडकातील फ्लोराइड पाण्यात उतरते. ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की हिरडीच्या आत घडणाऱ्या दातावरच डाग पडतात. दात बाहेर आल्यावर कितीही घासा, काही उपयोग नाही.

उपाय म्हणून त्यांनी चिनी मातीच्या पातळ कपच्या दाखवल्या. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, नखासारखी. दाताचा पुढचा थर किंचित घासून ती वर चिकटवतात. अमेरिकेत 1928 च्या सुमारास सिनेनटांसाठी अशा कपच्या निघाल्या, पण चित्रीकरण संपले की त्या काढाव्या लागत. पक्क्या बसू लागल्या त्या 1980 नंतर. घासलेला थर परत येत नाही, आणि दहा-पंधरा वर्षांनी कपची बदलावी लागते, हेही डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. एका दाताचे मोल चार क्विंटल धानाएवढे! सहा दातांचे म्हणजे आमच्या दोन एकर बांध्यांचे अख्खे पीक. डाग फिके असतील तर वरचा थर हलका घासून किंवा दाताच्या रंगाचा मसाला लावूनही भागते, आणि ते बरेच स्वस्त पडते. थोरलीचे डाग गडद होते.

गावातला एक खर्रेबाज गडी म्हणाला, "साहेब, मलेबी बसवून द्या ना तशे दात." त्याचे डाग वरचे. दवाखान्यात दात साफ केले की बरेचसे निघतील. पण सुपारी-तंबाखूने तोंड उघडेनासे होते, त्याला कपची काय करणार? अगोदर खर्रा सोड म्हटले, तर तो तिथून उठूनच गेला.

"बाबा, राहू द्या, एवढे पैसे कशाला?" थोरली म्हणत होती. मी ऐकले नाही. चूक माझी होती, तिची नव्हे.

त्याच आठवड्यात बोअरचे पाणी भूजल विभागाच्या प्रयोगशाळेत दिले. फ्लोराइड 2.8 निघाले. आता पिण्याचे पाणी शेजारच्या उघड्या विहिरीचे आणतो, तेही तपासून घेतले आहे. बोअरवर बैल धुतो. आणि मातीच्या पिशव्यांबरोबर एक रिकामी बाटलीही माझ्या थैलीत असते. ज्या घरी लहान लेकरू दिसेल, तिथे ती अगोदर काढतो.