सवाब कोणाचा, कंबर कोणाची?

अम्मीला अर्धांगवायूचा झटका येऊन तीन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर कोणी ना कोणी म्हणतंच, "मास्टरसाब, माँ की खिदमत कर रहे हो, जन्नत कमा ली." मीही मान खाली घालून "दुआ करा" म्हणतो.

एकदा हे कौतुक घरी सांगितलं. बायको अम्मीची चादर बदलत होती. हसून म्हणाली, "सवाब आपका, कमर मेरी."

त्या रात्री मनातल्या मनात हिशेब मांडला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडापाशी जखमा होतात. तो गजर बायकोच्या मोबाइलमध्ये. डायपर, अंग पुसणं, भरवणं तिच्याकडे. डॉक्टरकडे नेणं आणि मेडिकलमधून गोळ्या आणणं माझ्याकडे. म्हणजे लोकांना दिसणारी कामं माझी!

हे फक्त आमच्या घरातलं नाही. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार 15 ते 59 वयाच्या 41 टक्के स्त्रिया घरच्या माणसांची देखभाल करतात, पुरुष 21.4 टक्के. त्यातही बायका दिवसाला 140 मिनिटं देतात, पुरुष 74.

कुराणात आईवडिलांशी भलाईनं वागण्याची आज्ञा आहे, ती त्यांच्या मुलांना. सून करते तो तिचा एहसान, असं अनेक उलेमाही सांगतात. आपण मात्र तो एहसान हक्कासारखा घेतो.

आता रात्रीचा गजर माझ्या मोबाइलमध्ये आहे. पहिल्या रात्री मी अम्मीला ओढलं, ती कण्हली. मग बायकोनं शिकवलं: ओढायचं नाही, कातडी सोलते. पलीकडचा गुडघा वाकवायचा, खांदा आणि कंबर धरून हळूच आपल्याकडे वळवायचं, दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची.

तुमच्याही घरी असं कोणी असेल तर दोन नंबर लिहून ठेवा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन 14567. आणि सांभाळणाऱ्याचंच मन थकलं तर टेली-मानस 14416, रात्रीही चालू असते. दोन्ही मोफत.

परवा पहाटे कूस बदलताना अम्मीनं विचारलं, "दुल्हन... किधर?"

"सो रही है, अम्मी."

शब्द जुळवायला तिला वेळ लागला. मग म्हणाली, "सोने दे."